घरात फ्लू शिरला तर: दोन-तीन खोल्यांच्या घरात बाकीच्यांना जपायचं कसं

जुलैत पावसाने जोर धरला की दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसायला जागा उरत नाही. त्या गर्दीत डेंग्यू असतो, मलेरिया असतो. पण घसा खवखवून, कोरडा खोकला येऊन, अंग मोडून काढत चढणारा ताप पुष्कळदा इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा असतो. आपल्याकडे फ्लूचे वर्षाला दोन हंगाम येतात. एक पावसाळ्यातला, साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन गणपतीच्या दिवसांत. दुसरा जानेवारी ते मार्च.

घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं. सासूबाईंना मधुमेह आणि जुना दमा. फ्लू आमच्याकडे मुलाच्या शाळेतून येतो, आणि तो आला की आम्हाला धास्ती असते ती सासूबाईंची. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल खाली जे लिहिलं आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. पण घर कसं सांभाळायचं हे करून पाहिलेलं आहे. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली: फ्लू अडवायचा तर फरशी पुसण्याआधी हवेकडे बघा, आणि ताप चढायची वाट न पाहता घसा खवखवला त्याच दिवशी कामाला लागा.

१. हा विषाणू पसरतो कसा, ते आधी समजून घ्या

फ्लूचा विषाणू नाकात, घशात आणि श्वासनलिकेत वाढतो. आजारी माणूस खोकला, शिंकला, बोलला, नुसता श्वास सोडला तरी ओलसर कण बाहेर पडतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक कण मात्र बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे पसरून बराच वेळ तरंगत राहतात आणि तिथे श्वास घेणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत जातात.

याचं एक जुनं उदाहरण आहे. १९७७ साली अलास्कातल्या होमर इथे एक विमान बिघाडामुळे काही तास खोळंबलं. त्या वेळात आतली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. आत बसलेल्यांपैकी एका प्रवाशाला फ्लू होता. पुढच्या तीन दिवसांत विमानातल्या ५४ जणांपैकी सुमारे ७२ टक्के आजारी पडले. त्या विमानात बंद हवेने जे केलं तेच दारं-खिडक्या लावून घेतलेल्या बेडरूममध्ये होतं, फक्त माणसं कमी असतात.

आता दिवसांचा हिशेब. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन दिवस जातात. एक ते चार दिवस धरून चला. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत जोराचे. मोठ्या माणसांकडून पाच ते सात दिवस लागण होऊ शकते. लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं त्याहून जास्त दिवस विषाणू सोडत राहतात.

‘स्वाइन फ्लू’ म्हटलं की आजही लोक दचकतात. २००९ साली तो खरोखरच नवा होता. देशातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला आणि पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. पुण्यात शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०१० मध्ये ती साथ संपल्याचं जाहीर केलं, पण तो विषाणू गेला नाही. एच१एन१चा तोच वंश आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये फिरतो, त्याच्या जोडीला एच३एन२ आणि बी प्रकार असतात. म्हणून अहवालावर ‘एच१एन१’ दिसलं म्हणून हातपाय गाळू नका, आणि ‘साधा फ्लू’ म्हणून डोळेझाकही करू नका. कोणाला झाला आहे यावर सगळं अवलंबून आहे. धडधाकट तरुण चार-पाच दिवसांत उठतो. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं माणूस, यांच्यात तो फुप्फुसात उतरू शकतो.

२. हंगामाआधी घरात एवढं आणून ठेवा

ऐन तापात, रात्री दहा वाजता, पावसात मेडिकलचं दुकान शोधत फिरण्यापेक्षा हे मे महिन्यातच आणलेलं बरं.

- डिजिटल थर्मामीटर, चालू आहे का ते बघून
- ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, आणि त्याचे जास्तीचे सेल
- एन-९५ मास्क, माणशी किमान चार-पाच
- एक टेबल फॅन किंवा उभा पंखा
- पॅरासिटामॉल, आणि घरात मूल असेल तर डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध
- ओआरएसची पाकिटं
- झाकणाचा कचऱ्याचा डबा
- एक वही आणि पेन

मास्क घेताना फसगत होते. फुटपाथवर ‘एन-९५’ छापलेलं काहीही मिळतं. भारतीय मानकाचा आयएस ९४७३ हा क्रमांक आणि एफएफपी२ ही खूण बघून घ्या. कानामागे अडकणाऱ्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे असलेला मास्क चेहऱ्याला जास्त घट्ट बसतो. पुढे झडप असलेला मास्क रुग्णाला देऊ नका. त्यातून बाहेर सोडलेला श्वास गाळला जात नाही. मास्क धुवायचा नाही, धुतला की त्याची गाळण्याची ताकद जाते. दाट दाढीवर मास्क नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. आजारपणाचे आठ दिवस दाढी काढणं हा चांगला सौदा आहे, असं मी घरातल्या पुरुषांना स्पष्टच सांगते.

३. घसा खवखवला त्याच दिवशी खोली वेगळी करा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. ‘पावसात भिजला असेल’, ‘काल आइस्क्रीम खाल्लं ना’, ‘उद्यापर्यंत बघू’. तोवर रात्र होते, सगळे एकाच खोलीत पंख्याखाली झोपतात आणि सकाळपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणून हंगामात घरात नियमच करून टाका: घसा, खोकला, कणकण यांपैकी काहीही जाणवलं की त्याच संध्याकाळी त्या माणसाचं अंथरूण वेगळं. ताप आलाच नाही तर दोन दिवसांनी अंथरूण परत आणता येतं. रिपोर्टची वाट बघू नका; सौम्य लक्षणांत तपासणीची गरजही नसते.

खोली कोणती द्यायची? मोठी नको, टीव्हीची नको. ज्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे आणि दार लागतं, ती. बाथरूम लागून असेल तर उत्तमच. नसेल तर रुग्णाने सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करायची, आत-बाहेर करताना मास्क लावायचा, आणि नंतर खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन वीसेक मिनिटं चालू ठेवूनच दुसऱ्याने आत जायचं.

आजारी मूल लहान असेल तर त्याला एकटं ठेवता येणार नाही आणि ठेवूही नये. तेव्हा घराची विभागणी करा. आई किंवा बाबा मुलाबरोबर आत, मास्क लावून. दुसऱ्याने आजी-आजोबांचं बघायचं. दोघांनी आलटून-पालटून दोन्हीकडे जायचं नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाची आईच आजारी असेल तर दूध थांबवायचं नाही. आईने मास्क लावून, हात धुऊन पाजायचं. दुधातून विषाणू जात नाही आणि बाळाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, मिळतात.

एकाच खोलीचं घर असेल तर? चाळीत, वस्तीत राहणाऱ्या बहुतेकांचा हाच प्रश्न असतो. रुग्णाला खिडकीशी किंवा दाराशी, जिथून हवा बाहेर जाते तिथे झोपवा. त्याचं डोकं एका टोकाला, तर बाकीच्यांची डोकी दुसऱ्या टोकाला. सगळ्यांनी मास्क लावावा, रुग्णाने तर जागेपणी सतत. मध्ये साडी किंवा पडदा बांधून हवेतले बारीक कण अडत नाहीत, उलट वारा खेळायचा थांबतो, म्हणून तो बांधू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी किंवा नातेवाइकांकडे पाठवायचं असेल तर पहिल्याच दिवशी पाठवा, आणि तिथे आणखी कोणी म्हातारं किंवा गरोदर नाही ना ते विचारा. पाठवलेल्या माणसाला आधीच लागण झालेली असू शकते. तिथेही पहिले चार दिवस मास्क आणि वेगळं अंथरूण ठेवा.

४. रुग्णाच्या खोलीतली हवा घरात नको, बाहेर जाऊ द्या

या लेखातली हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि याबद्दल दवाखान्यात कोणी फारसं सांगत नाही.

खिडकी उघडी ठेवणं चांगलं, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. वारा त्या खिडकीतून आत येत असेल तर तो रुग्णाच्या खोलीतली हवा ढकलत दाराच्या फटीतून तुमच्या दिवाणखान्यात आणतो. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. ते असं करा.

रुग्णाच्या खोलीत टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे तो आतली हवा बाहेर फेकेल. खिडकीला अगदी चिकटवू नका, हातभर आत ठेवा. खोलीचं दार लावा. घराच्या दुसऱ्या बाजूची एक खिडकी उघडा, म्हणजे ताजी हवा घरात तिकडून येईल आणि दाराखालच्या फटीतून रुग्णाच्या खोलीकडे ओढली जाईल.

आता तपासा. उदबत्ती लावून बंद दाराच्या फटीशी बाहेरच्या बाजूने धरा. धूर फटीतून आत खेचला गेला तर मांडणी बरोबर आहे. धूर तुमच्याकडे आला तर आतली हवा घरात येते आहे. पंख्याची जागा बदला, दुसऱ्या खिडक्या उघड-बंद करून पाहा. तरीही जमलं नाही तर दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून लावा. वारा दुपारी एकीकडून आणि रात्री दुसरीकडून येतो, म्हणून ही तपासणी दिवसातून दोनदा करा. मिनिटभराचं काम आहे.

तीन गोष्टींनी इथे घोळ होतो.

पहिली, स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट. ती चालू केली की घरभरातली हवा स्वयंपाकघराकडे ओढली जाते आणि त्यात रुग्णाच्या खोलीतलीही येते. पोळ्या करणारं माणूस मग तीच हवा घेतं. चिमणी चालू करण्याआधी रुग्णाचं दार लागलेलं आहे ना ते बघा आणि स्वयंपाकघराचीच खिडकी उघडा.

दुसरी, एसी. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. एसी लावायचा म्हणून खिडक्या बंद केल्या की खोलीतले विषाणू साठत जातात. नुसता छताचा पंखाही हवा ढवळतो, बाहेर काढत नाही.

तिसरी, पाऊस आणि डास. पाणी आत येतं म्हणून खिडकी गच्च लावली जाते. वितभर फट तरी ठेवा. डासांसाठी खिडकीला जाळी लावा. पावसाळ्यात डेंग्यूचंही भय असतं, तेव्हा ते दुर्लक्षून चालणार नाही. रुग्णाच्या अंगावर वारा बसेल, थंडी वाजेल अशी आजीची काळजी असते, ती रास्तही आहे. पंख्याचं तोंड खिडकीकडे असल्याने वारा थेट अंगावर येत नाही. रुग्णाला पांघरूण द्या, पायमोजे द्या, पण खिडकी उघडी ठेवा.

कापूर, ओवा, धूप यांची धुरी देण्याची रीत अनेक घरांत आहे. धुराने विषाणू मरत नाही. दमा असलेल्या माणसाला मात्र त्या धुराने धाप लागते. उदबत्ती फक्त तपासणीपुरती लावा आणि विझवा.

५. सेवा करणारं माणूस एकच ठेवा

प्रेमापोटी सगळेच डोकावतात. कोणी कपाळावर हात ठेवून येतो, कोणी फळं कापून देतो. त्यातून रोग घरभर होतो. एका धडधाकट माणसाने जबाबदारी घ्यावी, शक्यतो लस घेतलेल्याने; गरोदर बाई किंवा मधुमेही माणसाने नको.

दारात येण्याआधी मास्क लावा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. आतलं काम आटोपून बाहेर आल्यावर, दार लावल्यावर, मग मास्क काढा. कागदी पिशवीत घालून टांगा, हात धुवा. रुग्णालाही, त्याला धाप लागत नसेल तर, तुम्ही आत असेपर्यंत मास्क लावायला सांगा. दोघांनी लावलेला मास्क एकाने लावलेल्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी.

जेवण वेगळं. पंगतीत मास्क उतरलेले असतात, तोंडं समोरासमोर असतात, बोलणं चालू असतं. ताट दाराशी ठेवा, रुग्ण आत घेईल. मऊ भात, मुगाचं वरण, पेज, ताक, जे जाईल ते. पाणी भरपूर. फोनवर बोलत बसा त्याच्याशी; वेगळं ठेवलंय म्हणजे टाकून दिलंय असं वाटू देऊ नका, म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच.

भांडी, कपडे यांबद्दल मात्र फार धसका घेऊ नका. विषाणू स्टील-प्लॅस्टिकवर एक-दोन दिवस टिकू शकतो, पण हातावर काही मिनिटंच. त्याच्यावर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. रोजच्या साबणाने भांडी घासा, रोजच्या पावडरने कपडे धुवा, धुण्याआधी ते झटकू नका, वीस सेकंद हात धुवा. दाराची कडी, नळ, रिमोट दिवसातून एकदा पुसले की पुरे. दुधाच्या पिशव्या आणि नोटा सॅनिटायझरने पुसत बसण्यात जो वेळ जाईल तो खिडकी-पंख्याला द्या. आणि ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

६. औषधं: काय द्यायचं आणि कुठे गोत्यात येतो

वहीत दिवसातून चार वेळा लिहा: वेळ, ताप, ऑक्सिजन, दिलेलं औषध, पाणी, लघवी. डॉक्टरांना फोन लावल्यावर ‘काल रात्रीपासून ताप आहे हो’ यापेक्षा ही वही खूप उपयोगी पडते.

तापासाठी पॅरासिटामॉल. दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. बाजारातल्या बहुतेक मिश्र सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. ताप आला म्हणून एक आणि सर्दी झाली म्हणून दुसरी घेतली की नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृतावर ताण येतो. पाकिटावरची घटकांची बारीक अक्षरं वाचा.

मुलांचं औषध वयावर नाही, वजनावर ठरतं. शिवाय तेच औषध ड्रॉप्समध्ये दाट असतं, सिरपमध्ये पातळ, आणि सिरपही दोन-तीन ताकदीचं मिळतं. मागच्या वर्षीची बाटली काढून ‘पाच मिली दिलं होतं’ या आठवणीवर देऊ नका.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. फ्लूमध्ये त्याने मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो. पावसाळ्यात मोठ्यांनीही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

खोकल्याचं औषध लहान मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नका. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली, त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. वर्षाखालच्या बाळाला मधही नको.

अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. उरलेली पट्टी कपाटातून काढून ‘तीन दिवस घेऊन बघू’ असं करू नका. मात्र ताप उतरून दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा जोरात ताप, पिवळा-हिरवा कफ, छातीत दुखणं सुरू झालं तर तो जिवाणूंचा न्यूमोनिया असू शकतो. तिथे अँटिबायोटिक लागतं आणि डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू जात नाही. मुलांना पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजल्याच्या घटना होतात; ती देऊ नका.

फ्लूवरचं खास औषध म्हणजे ओसेल्टामिव्हिर. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा सर्वाधिक उपयोग, म्हणून जोखमीच्या माणसाने ‘दोन दिवस बघू’ म्हणण्यात तोटा आहे. गंभीर रुग्णाला त्यानंतरही देतात. ते चिठ्ठीवरच मिळतं आणि सरकारी रुग्णालयांतून मोफत देतात. मळमळ होते, म्हणून काहीतरी खाऊन घ्या आणि पाच दिवसांचा क्रम पुरा करा. घरात फ्लूचा रुग्ण असताना जोखमीच्या माणसाला ते प्रतिबंधासाठीही देता येतं. त्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांना तसं विचारा. आपणहून विचारलं नाही तर पुष्कळदा विषय निघतच नाही.

७. घरी थांबायचं की हॉस्पिटल गाठायचं

आरोग्य मंत्रालयाने फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केले आहेत. ते माहीत असले की डॉक्टरांचं बोलणं चटकन कळतं.

‘ए’ गट: सौम्य ताप, खोकला, घसादुखी. घरीच थांबायचं, तपासणी नको, ओसेल्टामिव्हिर नको. पण २४ ते ४८ तासांनी पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं.

‘बी’ गट: ताप खूप आणि घसा फार दुखतो आहे, किंवा लक्षणं सौम्यच पण माणूस जोखमीचा. घरीच वेगळं ठेवायचं, ओसेल्टामिव्हिरचा निर्णय डॉक्टर घेतात. सासूबाईंसारखी माणसं सुरुवातीपासून या गटात मोडतात.

‘सी’ गट: इथे घरी थांबायचं नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळसर होणं. मुलांमध्ये सतत चिडचिड, अंगावर न पिणं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं किंवा पोट उडणं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त झाले तर लगेच निघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नका.

ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला की डॉक्टरांना फोन, ९०च्या खाली गेला की थेट हॉस्पिटल. नखांवर रंग किंवा मेंदी असेल, हात गार असतील तर आकडा चुकतो. बोट चोळून, दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा. जुना दमा असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो बरं असतानाच वहीत लिहून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांत ताप फार चढतही नाही. बोलण्यात गोंधळ, जेवणाला नकार, उठताना तोल जाणं हीच पहिली खूण असते. ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

खोकला जवळजवळ नाही, पण डोळ्यांमागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, ताप तिसऱ्या दिवशीही तसाच आहे, तर डेंग्यू-मलेरियाची तपासणी करून घ्या.

८. पिशवीत तयार ठेवायची कागदपत्रं

रुग्णवाहिकेसाठी १०८. ती येईपर्यंत शोधाशोध नको म्हणून एका पिशवीत हे भरून ठेवा:

- आधार कार्ड
- रेशन कार्ड; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ते विचारतात
- आयुष्मान कार्ड किंवा आरोग्य विम्याचं कार्ड, असेल ते
- जुन्या आजारांचे रिपोर्ट आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते कागदावर मोठ्या अक्षरात
- ताप-ऑक्सिजनची ती वही
- फोनचा चार्जर आणि सोबतच्या माणसासाठी मास्क

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिल्याच वाक्यात ‘फ्लूसारखी लक्षणं आहेत’ असं सांगा, म्हणजे रुग्णाला इतरांपासून वेगळं बसवता येईल. योजनेतून उपचार हवे असतील तर भरती करतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा.

९. वेगळं राहणं कधी संपवायचं

तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नाही आणि एकंदर बरं वाटतंय, तेव्हा खोलीबाहेर यायला हरकत नाही. ‘गोळी न घेता’ हे महत्त्वाचं. सकाळी औषध पाजून मुलाला शाळेत पाठवलं की दुपारपर्यंत ताप दबलेला राहतो आणि वर्गभर विषाणू वाटला जातो. परीक्षा असली तरी असं करू नका. पुढचे पाच दिवस मास्क, आजी-आजोबांपासून अंतर आणि वेगळं जेवण चालू ठेवा. कोरडा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्याचा अर्थ अजून लागण होतेच आहे असा नाही.

ऑफिससाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र पहिल्या भेटीतच मागून घ्या, नंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात.

घरकामाला येणाऱ्या ताईंना घरात रुग्ण आहे हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पगारी सुट्टी द्या. त्या चार-पाच घरांत जातात, त्यांच्याही घरी लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. त्यांना काही न सांगता कामावर बोलावणं हा अन्याय आहे. गणपतीत, लग्नकार्यात आजारी माणसाने न जाणं हेही मनाला लावून घेऊ नका. आरती फोनवरून दाखवता येते.

१०. पुढच्या हंगामाआधी लस

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. तिने पूर्ण बचाव होत नाही, पण आजार गंभीर होण्याचा धोका बराच कमी होतो. महाराष्ट्रात मुख्य लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मे हा योग्य काळ. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात रुग्ण झाल्यावर धावत जाऊन घेतली तर त्या वेळेला तिचा फायदा नाही. दवाखान्यात दक्षिण गोलार्धासाठीची त्या वर्षाची लस आहे का ते विचारा आणि कुपीवरची मुदत बघा.

नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस मोफत देण्याची सोय आहे. साठा संपतो, म्हणून जवळच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. खासगीत ती मुलांच्या डॉक्टरांकडे हमखास मिळते, मोठ्यांनीही तिथेच घेतली तरी चालते. ज्या दिवशी अंगात ताप आहे त्या दिवशी घेऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याचं संरक्षण आईने गरोदरपणात घेतलेल्या आणि घरातल्या बाकीच्यांनी घेतलेल्या लसीतूनच होतं, म्हणून घरात बाळ येणार असेल तर आजी-आजोबांसकट सगळ्यांची लस आधी उरकून घ्या.